वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया आणि ख्रिस्ती सदसद्विवेक

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यावी काय, हा प्रश्न पूर्वी आपल्या मंडळ्यांत कोणी विचारला नसता. आज बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद अशा शहरांतून ही शस्त्रक्रिया होते, आणि म्हणून हा प्रश्नही आपल्या घरांत आला आहे. परंतु तो मोठ्याने विचारला जात नाही. कोणाला मोतीबिंदू काढावयाचा असला किंवा गुडघ्याचा सांधा बदलावयाचा असला, तर रविवारी उपासनेत त्याचे नाव घेऊन प्रार्थना होते. ह्या शस्त्रक्रियेस जाणारी बहीण मात्र "थोडे पोटाचे ऑपरेशन आहे" एवढेच सांगते. प्रार्थनेची विनंती करावयास तिला लाज वाटते. ही लाज कोठून आली, आणि लाजेच्या दडपणाखाली घेतलेला निर्णय ख्रिस्ती मनुष्याचा निर्णय म्हणता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या विषयावर दोन मते फार लवकर दिली जातात. एक म्हणतो, "तोंड आवरले असते तर ही वेळ आली नसती. इंद्रियदमन हे आत्म्याचे फळ आहे. ते सोडून सुरीचा आश्रय कशाला?" दुसरा म्हणतो, "डॉक्टर सांगतात, पैसा आहे, मग विचार कसला करावयाचा?" पहिल्याने प्रश्न पापाचा केला व दुसऱ्याने तो केवळ खरेदीचा केला. दोघांनीही त्या व्यक्तीची खरी अडचण ऐकून घेतली नाही.

१. ही शस्त्रक्रिया म्हणजे काय?

न्याय करण्याआधी माहिती असावी. लठ्ठपणासाठी आतड्यांवर केलेल्या शस्त्रक्रियेचा पहिला प्रसिद्ध वृत्तांत अमेरिकेतील मिनेसोटा येथील शल्यवैद्यांनी १९५४ साली दिला. तीत लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नाच्या मार्गातून वगळीत असत. वजन उतरे, परंतु काही रुग्णांचे यकृत बिघडे व जुलाबांनी ते जर्जर होत. पुढे ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ साली आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचाच लहानसा कप्पा करून तो आतड्यास जोडण्याची रीत सुरू केली. आजची 'बायपास' ही तिच्यातूनच सुधारत आलेली आहे. दुसरी, आज फार प्रचलित असलेली, 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया होय. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. बहुतेक वेळा हे काम दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छेद घेऊन होते.

ती कोणासाठी आहे? डॉक्टर यासाठी एक माप वापरतात. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. एखाद्या बाईची उंची १५० सेंटिमीटर व वजन ९० किलो असेल, तर तिचे माप ४० येते. १९९१ साली अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने ठरविले की, माप ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ असून सोबत मधुमेहासारखे गंभीर दुखणे असल्यास, ह्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ साली ह्या क्षेत्रातील शल्यवैद्यांच्या दोन संघटनांनी ही मर्यादा ३५ वर आणली, आणि आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो म्हणून त्यांच्यासाठी ती २७.५ केली. आपल्याकडील आरोग्य विम्याच्या नियमांत साधारणतः जुनीच अट दिसते: वय १८ वर्षे पूर्ण, माप ४०, किंवा ३५ व गंभीर आजार, आणि इतर सौम्य उपाय करूनही गुण न आलेला. मर्यादा खाली आली याचा अर्थ त्या मापाच्या प्रत्येकाने शस्त्रक्रिया करून घ्यावीच असा नव्हे. दार उघडे आहे एवढेच माप सांगते. आत जावे की न जावे हे ते सांगत नाही.

२. स्थूलपणा हे पाप आहे काय?

खादाडपणा हे पाप आहे, याविषयी शास्त्रात संशय नाही. नीतिसूत्रांत त्याविषयी इशारे आहेत व पौलानेही पोटाला देव करणाऱ्यांविषयी फिलिप्पैकरांस कडक शब्दांत लिहिले आहे. परंतु शास्त्र हे पाप तराजूवर तोलीत नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काहीजण दुसऱ्यांची वाट न पाहता आपले जेवण उरकीत व गरीब बंधू उपाशी राहत, यासाठी पौलाने त्यांना दोष दिला. तेथे कोण किती जाड होता, हा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्याला विसरून खाणे हा त्यांचा दोष होता. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात सदोमाचा दोष सांगताना भरल्या पोटाचा व दरिद्र्यास हात न देण्याचा उल्लेख एकत्रच येतो.

सहाव्या शतकातील ग्रेगरी याने खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, महागडे पदार्थच मागणे, चोचले पुरविण्यासाठी अन्न फार सजवून घेणे, प्रमाणाबाहेर खाणे आणि अधाशीपणे खाणे. पाचांपैकी प्रमाणाचा दोष एकच आहे. म्हणजे एखादा सडपातळ गृहस्थ, ज्याला भाजीत मीठ कमी पडले की घरातील सर्वांना बोल लावावयाची सवय आहे, तो ह्या पापात असू शकेल, आणि त्याच घरात सर्वांना वाढून उरलेले खाणारी त्याची स्थूल पत्नी कदाचित नसेल.

मग वजन कोठून येते? १९८६ साली डेन्मार्कमधील ५४० दत्तक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. मोठेपणी त्यांची अंगकाठी, ज्यांच्या घरी ती वाढली त्यांच्याशी नव्हे, तर ज्यांनी त्यांना जन्म दिला त्यांच्याशी जुळत होती. १९९४ साली चरबीतून मेंदूस निरोप देणारा 'लेप्टिन' हा पदार्थ सापडला व १९९९ साली जठरातून भूक जागविणारा 'घ्रेलिन'. १९९५ साली असेही दाखविण्यात आले की, वजन उतरले की शरीर आपला रोजचा खर्च आखडता घेते आणि गेलेले वजन परत मिळवू पाहते. म्हणून तीनदा, चारदा आहार कमी करून, दहा किलो उतरवून, बारा किलो परत आलेली बहीण आपल्याला भेटते. तिचा निश्चय कमी पडला असे आपण सहज म्हणतो. तिच्या जागी आपण असतो तर किती टिकलो असतो, हे मात्र आपण कधी ताडून पाहिलेले नसते.

याचा अर्थ मनुष्यास जबाबदारीच नाही असा नव्हे. आपण काय शिजवितो, काय विकत आणतो, चालतो की बसून राहतो, हे आपल्या हाती आहे. परंतु जन्मांधाला पाहून शिष्यांनी, पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी, असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूस सारला व त्या मनुष्यासाठी काम केले. स्वतः प्रभूलाही लोकांनी खादाड म्हटले होते, हे मत्तयाच्या अकराव्या अध्यायात आहे. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून त्याच्या आत्म्याचा निकाल देणारे लोक त्या काळीही होते.

३. ही पळवाट आहे काय?

"घाम गाळून उतरविले तर ते खरे. शस्त्रक्रियेने उतरविणे म्हणजे फसवणूक," असे पुष्कळांना वाटते. ह्या वाक्याची नीट तपासणी केली पाहिजे, कारण त्यात वैद्यकाहून धर्मशास्त्रच अधिक आहे. कष्ट सोसले तरच सुटकेचा हक्क मिळतो, असे ते म्हणते. प्रायश्चित्त करून क्षमा कमवावी लागत नाही, ती कृपेने मिळते, हे सांगण्यासाठी ज्यांच्या पूर्वजांनी धर्मसुधारणा केली, त्या आपण मंडळ्यांनी शरीराच्या बाबतीत मात्र पुन्हा प्रायश्चित्ताचा उपदेश करावा, हे विसंगत आहे.

हा वाद नवाही नाही. १८४७ साली स्कॉटलंडमध्ये डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरावयास सुरुवात केली, आणि वेदना सोसणे हीच देवाची आज्ञा आहे, ह्या धार्मिक आक्षेपास उत्तर म्हणून त्याच वर्षी एक पुस्तिका लिहिली. आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली, याकडे त्यांनी बोट दाखविले. आज बाळंतिणीला वेदना कमी झाल्या म्हणून तिचे मातृत्व कोणी खोटे म्हणत नाही. आपल्या मराठी मंडळ्यांना तर हे सांगावयासच नको. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेस रुग्णालय उभे केले. दूरदूरचे लोक तेथे शस्त्रक्रियेसाठी येत, आणि तेथे चाललेली सुरी ही सुवार्तेचीच सेवा आहे, असे आपल्या वाडवडिलांनी मानले. यशयाने हिज्कीयाच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधावयास सांगितले. पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता. औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे, अशी शिकवण आपल्याकडे कधी नव्हती.

नामानाची गोष्ट शब्बाथ शाळेत आपण दरवर्षी सांगतो. कोडाने त्रस्त झालेला तो सेनापती, यार्देनेत सात वेळा बुडी मार, एवढेच ऐकून रागावला. उपाय त्याच्या मानाला शोभेसा नव्हता. तेव्हा त्याच्या चाकरांनी त्याला समजाविले की, काही अवघड काम सांगितले असते तर आपण ते केलेच असते, मग हे सोपे का करू नये? आपल्यालाही कित्येकदा उपाय नाकारावासा वाटतो तो तो चुकीचा आहे म्हणून नव्हे. त्यात आपला पराक्रम दिसत नाही, म्हणून आपण तो नाकारतो.

आणि खरे पाहता ही वाट सोपीही नाही. पहिले काही आठवडे पातळ पदार्थांवर काढावे लागतात. पुढेही लहान लहान घास, सावकाश चावून, दिवसातून अनेक वेळा खावे लागतात. जेवताना पाणी पिता येत नाही. बायपासनंतर गोड फार खाल्ले तर घाम, धडधड आणि मळमळ होते. जीवनसत्त्व ब-१२, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व ड यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात व रक्ताची तपासणी करीत राहावे लागते. घरातील चूल बदलत नसेल, तर वजन काही वर्षांनी पुन्हा चढू शकते. नामानाने एकदा नव्हे, सात वेळा बुडी मारली. ह्या रुग्णाला ती रोज मारावी लागते.

४. बुरूज बांधण्यापूर्वीचा हिशेब

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले. येथे तो अंदाज तीन अंगांनी करावा.

पहिले अंग जिवाचे. अमेरिकेत सुमारे ४,८०० रुग्णांच्या एका पाहणीत, जिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला, शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण हजारी तीन होते. हा आकडा लहान आहे, परंतु तो शून्य नाही. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पुढे पित्ताशयात खडे, अशी संकटे संभवतात. स्त्रियांना वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. बायपासनंतर दारूचा अंमल लवकर चढतो व व्यसन जडण्याचा धोका वाढतो, ही गोष्ट ज्या घरांत ते दुःख आहे त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. काही रुग्णांचे मन पुढे खचते, म्हणून मनाची तपासणीही आधी झाली पाहिजे.

दुसरे अंग लाभाचे. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार व न झालेले सुमारे दोन हजार स्थूल लोक त्यात होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, शस्त्रक्रिया झालेले लोक इतरांहून सरासरीने तीन वर्षे अधिक जगले. तथापि सर्वसाधारण जनतेच्या मानाने त्यांचे आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. कित्येकांचा मधुमेह आटोक्यात येतो, झोपेत श्वास अडखळणे थांबते, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. तीन वर्षे म्हणजे एखाद्या आईला नातवंड मांडीवर घेण्याइतका काळ होय. परंतु हे साहाय्य आहे, तारण नव्हे. तारणाची अपेक्षा घेऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणारा निराश होऊन येईल.

अलीकडे इंजेक्शनांचा मार्गही निघाला आहे. भूक मंद करणारी अशी औषधे २०२५ साली भारतातही विक्रीस आली. त्यांनीही वजन बरेच उतरते, परंतु औषध थांबविल्यावर त्यातील पुष्कळसे परत येते असे दिसून आले आहे. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय करण्यापूर्वी हाही मार्ग डॉक्टरांस विचारून पाहावा, कारण इंजेक्शन थांबविता येते, काढून टाकलेले जठर मात्र परत मिळत नाही.

तिसरे अंग पैशाचे. खाजगी रुग्णालयात ह्या कामी काही लाख रुपये लागतात. विमा नसेल तर शेत गहाण टाकून, मुलाचे शिक्षण थांबवून हे करावे काय, हा प्रश्न घरातील सर्वांनी मिळून सोडवावा. "इतके लोक उपाशी असताना हा खर्च?" असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे, परंतु तो हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आपण विचारीत नाही, मग येथेच का विचारतो, हेही विचारणाऱ्याने स्वतःस विचारावे. खेड्यात राहणाऱ्याने तर आणखी एक हिशेब करावा. तपासणीसाठी वारंवार शहरास जाणे पुढील दहा-वीस वर्षे जमेल काय? शस्त्रक्रिया करून तपासणी सोडून देणे, हे अर्धवट बुरुजापेक्षाही वाईट आहे.

५. निर्णय कोणासमोर घ्यावयाचा?

आता मुख्य गोष्ट. हाच उपाय, त्याच रुग्णालयात, दोन कारणांनी करून घेता येतो.

समजा, एक चाळिशीची शिक्षिका आहे. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, जिना चढताना धाप लागते. तिने आहार केला, चालली, औषधे घेतली. ती डॉक्टरांशी बोलते, पतीशी बोलते, प्रार्थना करते आणि म्हणते, "देवाने मला सोपविलेल्या ह्या देहाकडून मला अजून वीस वर्षे काम घ्यावयाचे आहे." आणि समजा, दुसरी बावीस वर्षांची मुलगी आहे. तिला आजार कोणताच नाही, परंतु दोन स्थळांनी नकार दिला आहे, आणि आई म्हणते, "एकदाचे करून टाकू, म्हणजे लग्न जमेल." पहिलीचा निर्णय कारभाऱ्याचा आहे. दुसरीचा तिचा नाहीच. तो नकार देणाऱ्यांचा आहे. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे करिंथकरांस लिहिलेले वचन आपण स्थूल मनुष्याला टोचण्यासाठी वापरतो. परंतु त्याच वचनाने ती मुलगीही स्वतःची नाही व आईबापांचीही नाही, ती मोल देऊन विकत घेतलेली आहे, आणि वरपक्षाच्या पसंतीसाठी तिच्या निरोगी जठरावर सुरी चालविण्याचा अधिकार कोणास नाही.

लाजेचे काम उलट्या दिशेनेही चालते. ज्याला शस्त्रक्रियेची खरी गरज आहे असा बंधू, "लोक काय म्हणतील, पाळकाच्या भावाला तोंड आवरता आले नाही," एवढ्या भीतीने ती टाळीत राहतो, आणि एके दिवशी त्याच्या पायाची जखम भरत नाही. लाजेने केलेली आणि लाजेने टाळलेली, ह्या दोन्ही गोष्टी एकाच धन्याची चाकरी करतात, आणि तो धनी ख्रिस्त नव्हे.

म्हणून निर्णय करणाऱ्याने स्वतःस हे विचारावे: मला कोणीही कधीच पाहणार नसते, तरी मी हे केले असते काय? आणि कोणीही नावे ठेवणार नसते, तर मी हे टाळले असते काय? ह्या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आले, तर पाऊल पुढे टाकावयास किंवा शांतपणे थांबावयास हरकत नाही. वेगवेगळी उत्तरे आली, तर अजून थांबावे, प्रार्थना करावी व आणखी एका डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. "नको" हे उत्तरही विश्वासाचे असू शकते. ज्याने सर्व समजून घेऊन शस्त्रक्रिया नाकारली, त्यालाही कोणी हट्टी म्हणू नये. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाणारा व न खाणारा दोघांविषयी पौलाने जे सांगितले, ते येथे अगदी लागू पडते: प्रत्येकजण आपल्या धन्यापुढे उभा आहे.

६. मंडळीने काय करावे?

हा निर्णय एकट्याचा असला तरी तो मोकळ्या मनाने करता येणे हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. शब्बाथ शाळेत जाड मुलाला मिळणारी टोपणनावे शिक्षकांनी पहिल्याच दिवशी बंद करावीत. नाताळच्या नाटकात त्याला दरवर्षी सराईवाल्याचे काम देऊन हशा पिकवू नये. "किती सुटलीस गं!" हे आपल्याकडे कुशल विचारण्यासारखे बोलले जाते. ते सोडावे. कापणीच्या सणाला, प्रीतिभोजनाला आग्रह करून वाढणे हे आपण प्रेमाचे लक्षण मानतो, परंतु ज्या बहिणीने दोन चमचे भातावर "पुरे" म्हटले तिला "एक करंजी तरी घ्याच" असे तीनदा म्हणणे, हे प्रेम नव्हे. पाळकांनी व वडीलमंडळींनी ह्या शस्त्रक्रियेस जाणाऱ्याला, त्याची संमती असल्यास, इतर रुग्णांप्रमाणेच नाव घेऊन प्रार्थनेत आठवावे, आणि सहा महिन्यांनी, कौतुक ओसरल्यावर, त्याच्या घरी भेट द्यावी. त्या वेळी "किती किलो उतरले?" असे न विचारता "कसे चालले आहे?" असे विचारावे.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दोन गोष्टी जवळजवळ सांगतो: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. वाचताना त्या परस्परविरुद्ध वाटतात, परंतु ह्या विषयात दोन्ही खऱ्या आहेत. शस्त्रक्रिया करून घ्यावी की न घ्यावी, हा भार ज्याचा त्यानेच देवासमोर उचलावयाचा आहे, तो दुसरा कोणी उचलू शकत नाही. लाजेचे ओझे मात्र त्याच्यावर आपण सर्वांनी मिळून ठेवलेले आहे. ते उतरविण्यास कोणत्याही शल्यवैद्याची गरज नाही, आणि ते काम येत्या रविवारपासून सुरू करता येईल.